हजारजणांच्या अधिवेशनात सहाजणांचे गट

ग्रंथपालांच्या एका व्यावसायिक संघटनेचे दोन दिवसांचे वार्षिक अधिवेशन आणि त्याच्या रचनेत एका वर्षी केलेले बदल, एवढाच या अभ्यासाचा विषय आहे. संघटनेचे नाव, अधिवेशनाचे स्थळ आणि संबंधित व्यक्तींची ओळख येथे दिलेली नाही. उपस्थिती हजाराच्या घरात असते. व्यवस्था चोख, वक्ते जाणकार आणि वेळापत्रक काटेकोर. तरीही समारोपाच्या वेळी भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-पत्रकांत वर्षानुवर्षे एक तक्रार निरनिराळ्या शब्दांत येत होती: ऐकायला पुष्कळ मिळाले, पण बोलायला कोणी मिळाले नाही. कार्यकारिणीने ती सौजन्याने वाचली आणि बाजूला ठेवली, कारण ध्वनिक्षेपक बिघडल्याच्या तक्रारीवर जसा उपाय करता येतो तसा तो येथे करता येण्याजोगा दिसत नव्हता. पहिल्यांदा आलेले सभासद दुसऱ्या वर्षी फिरकेनासे झाले, तेव्हा मात्र तिची दखल घेणे भाग पडले.

या व्यवसायात ही तक्रार अधिक बोचणारी असण्याला कारण आहे. रुग्णालयातील डॉक्टरला किंवा शाळेतील शिक्षकाला आपल्या कामातले दुखणे समजणारा सहकारी शेजारीच भेटतो. लहान ग्रंथालयाचा ग्रंथपाल मात्र आपल्या संस्थेत एकटाच असतो. दाखल नोंदवहीतील आकडा आणि कपाटांतील प्रत्यक्ष पुस्तके यांचा मेळ बसत नाही, एकच पुस्तक वर्गीकरणात दोन ठिकाणी बसू शकते, जीर्ण पुस्तके बाद करायची तर जबाबदारी कोणी घ्यायची हे कोणी सांगत नाही, अशा अडचणी ज्यांच्यापुढे मोकळेपणाने मांडता येतील अशी माणसे त्याला वर्षातून दोनच दिवस एका छताखाली सापडतात. ते दोन दिवसही अंधारलेल्या सभागृहात पुढच्या रांगेतील माणसाच्या मानेकडे पाहण्यात जात असतील, तर तेवढी व्याख्याने घरी बसून ऐकण्यास काय हरकत आहे, हा प्रश्न एका सभासदाने अभिप्राय-पत्रकात लिहिला होता आणि त्याला देण्यासारखे उत्तर कार्यकारिणीजवळ नव्हते.

आधी काय करून पाहिले होते

समितीने काहीच केले नव्हते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पहिल्या दिवशी संध्याकाळी परिचय मेळावा ठेवला जात असे. एका वर्षी चौकटींचा खेळ खेळवला गेला, ज्यात ‘दहा हजारांहून अधिक पुस्तके असलेल्या ग्रंथालयात काम करणारी व्यक्ती’ अशा वर्णनाची माणसे शोधून त्यांच्या सह्या घ्यायच्या होत्या. लोकांनी हिरिरीने सह्या गोळा केल्या आणि सह्या करणाऱ्यांची नावे दाराबाहेर पडताच विसरली. पुढच्या वर्षी एक मोबाइल ॲप आले, जे आवडीनिवडी जुळवून ‘आपण यांना भेटावे’ अशी यादी दाखवीत असे. त्याचा दृश्य परिणाम एवढाच झाला की एकटी उभी असलेली माणसे आता मोबाइलकडे पाहत एकटी उभी राहू लागली.

मेळाव्याचे अपयश समजून घेण्यासाठी कोलंबिया विद्यापीठाच्या पॉल इंग्रॅम आणि मायकेल मॉरिस यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास उपयोगी पडतो. त्यांनी व्यवस्थापन क्षेत्रातील सुमारे शंभर जणांच्या एका मेळाव्यात प्रत्येकाला इलेक्ट्रॉनिक बिल्ला लावला आणि कोण कोणाजवळ किती वेळ थांबले याची नोंद घेतली. येण्यापूर्वी बहुतेकांनी नव्या लोकांना भेटणे हाच आपला हेतू असल्याचे सांगितले होते. प्रत्यक्षात मात्र आधीच्या ओळखीच्या माणसांशी गाठ पडण्याचे प्रमाण कितीतरी अधिक निघाले. याच अभ्यासात असेही दिसले की वेगळ्या वंशाच्या, वेगळ्या शिक्षणाच्या किंवा वेगळ्या पेशाच्या माणसाला लोक सरसकट टाळत नव्हते. म्हणजे परक्याविषयी नावड हे कारण नव्हते. ओळखीच्या माणसाकडे जायला काही करावे लागत नाही आणि अनोळखी माणसाकडे जायला प्रत्येक वेळी मन धीट करावे लागते, एवढाच तो फरक. मोकळी जागा आणि मोकळा वेळ दिला की माणसे आपोआप मिसळतील, हे गृहीतक त्यामुळे टिकत नाही, आणि संघटनेचा परिचय मेळावा तर पूर्णपणे त्यावरच उभा होता.

मधल्या सुट्टीचे निरीक्षण

बदल ठरवण्याआधीच्या अधिवेशनात काही स्वयंसेवकांना मधल्या सुट्ट्यांत फक्त पाहण्याचे काम दिले होते. कोणाची मुलाखत घ्यायची नाही, कोणाचे नाव टिपायचे नाही. माणसे कुठे उभी राहतात, घोळके कसे बनतात आणि कसे फुटतात, एवढेच लिहायचे. या टिपणांतून जे हाती आले ते माझ्या मते संपूर्ण प्रकरणातील सर्वांत मोलाचे आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो.

उभ्याने बोलणारे घोळके बहुतेक सारे बंद वर्तुळाचे होते. पाठमोऱ्या माणसांच्या अशा कड्यात शिरायचे तर कोणाच्या तरी खांद्याला हात लावावा लागतो, आणि नवख्या सभासदाला ते जमत नाही. एरिक होल्शर यांनी तंत्रज्ञांच्या परिषदांसाठी एक साधा नियम सुचवला आहे, जो पॅक-मॅन या खेळातील उघड्या तोंडाच्या आकृतीवरून ओळखला जातो: घोळक्यात उभे राहताना एका माणसापुरती जागा नेहमी मोकळी ठेवावी, आणि ती भरली की पुन्हा सरकून नवी जागा करावी. घोळक्याबाहेरची माणसे कुठे होती, हेही टिपणांत आहे. ती सूचनाफलकाजवळ होती. हातात छापील वेळापत्रक असूनही फलकावरचे तेच वेळापत्रक एक गृहस्थ सबंध सुट्टीभर वाचत होते, अशी एक नोंद आहे.

दुसरी गोष्ट जेवणाच्या गोल टेबलांची. टेबल दहा जणांचे होते आणि आयोजकांना ते आपुलकीचे वाटत होते. प्रत्यक्षात दहा जणांचे एक संभाषण कुठेच झाले नाही. रॉबिन डन्बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मांडलेल्या निरीक्षणांनुसार आपोआप जमलेल्या संभाषण-गटाची मर्यादा साधारण चार जणांची असते. पाचवा-सहावा आला की बोलणे दोन ठिकाणी फुटू लागते. दहाच्या टेबलावर ते तीन-चार तुकड्यांत फुटे, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये सापडलेला माणूस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाहत हसतमुखाने जेवण उरकी. त्यात भर गोंगाटाची. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एतिएन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिले होते. मोठ्या दालनात सगळेच एकदम आवाज चढवतात, त्याने गोंगाट आणखी वाढतो, आणि मग ओरडून सांगता येण्यासारखेच विषय बोलण्यात उरतात. ‘आमच्याकडे नोंदवही आणि पुस्तके जुळत नाहीत’ हे वाक्य कोणी ओरडून बोलत नाही.

तिसरी गोष्ट स्वयंसेवकांनीही अपेक्षिली नव्हती. संभाषण सुरू करण्याइतकेच ते संपवणेही लोकांना जड जात होते. बोलणे ओसरलेले दिसते, दोघेही इकडेतिकडे पाहतात, पण कोणीच निघत नाही. शेवटी एकाला फोन आल्याची बतावणी करावी लागते. ॲडम मास्ट्रोयानी आणि सहकाऱ्यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की दोघांनाही हव्या त्या वेळी संपणारे संभाषण अगदी विरळा असते, कारण समोरच्याला केव्हा थांबायचे आहे याचा अंदाज दोघांनाही नीट येत नाही आणि विचारणे उद्धटपणाचे वाटते. ज्याला बाहेर पडण्याची वाट दिसत नाही तो आत शिरायलाही कचरतो. मेळाव्यात नवख्याशी बोलणे टाळणाऱ्या ज्येष्ठ सभासदांना आपण तुसडे समजतो. त्यातल्या पुष्कळांना फक्त अडकून पडण्याची धास्ती असते.

आणि शेवटची गोष्ट अशी की, पहिल्या दिवशी सकाळी ज्या दोघांचे चांगले बोलणे झाले ती माणसे पुन्हा भेटतच नव्हती. हजाराच्या गर्दीत एकदा दृष्टिआड झालेला माणूस योगायोगानेच दिसतो. पुन्हा पुन्हा दिसण्याला स्वतःचे वजन असते. रिचर्ड मोरलँड आणि स्कॉट बीच यांच्या 1992 मधील प्रयोगात, दिसायला साधारण सारख्या असलेल्या चार तरुणींपैकी एक वर्गात एकदाही आली नाही आणि बाकीच्या तिघी अनुक्रमे पाच, दहा आणि पंधरा वेळा येऊन बसल्या. कोणीही कोणाशी बोलले नाही, तरी सत्राच्या शेवटी विद्यार्थ्यांना जास्त वेळा आलेली तरुणी अधिक आवडण्याजोगी वाटली. नुसत्या दिसण्याने एवढे होत असेल, तर ठरवून झालेल्या तिसऱ्या-चौथ्या भेटीने काय होईल, या प्रश्नापासून नव्या आराखड्याची सुरुवात झाली.

उद्दिष्ट आणि आराखडा

समितीतील काहींना उद्दिष्ट म्हणून ‘मैत्री’ हा शब्द हवा होता. तो वगळला, हे बरे झाले. जेफ्री हॉल यांच्या 2018 मधील अभ्यासानुसार नुसत्या ओळखीचे साध्या मैत्रीत रूपांतर होण्यास सुमारे 50 तासांचा सहवास लागतो आणि घनिष्ठ मैत्रीला 200 तासांहून अधिक. दोन दिवसांच्या अधिवेशनात झोप, प्रवास आणि व्याख्याने वजा जाता उरणाऱ्या वेळात ते शक्य नाही. त्याऐवजी उद्दिष्ट असे लिहिले गेले: परत गेल्यावर कामात अडले असता निःसंकोच फोन करता येईल अशी दोन-तीन माणसे प्रत्येक सभासदाला मिळावीत. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे नोकरीची बातमी पुष्कळदा जिवलगांपेक्षा दूरच्या परिचितांकडून कळते, कारण त्यांचे जग आपल्यापेक्षा वेगळे असते. एकट्याने ग्रंथालय चालवणाऱ्या माणसाला नेमक्या अशाच ओळखी हव्या असतात.

आराखड्याचा कणा सहा जणांच्या गटाचा होता. नोंदणी करतानाच प्रत्येक सभासद एका गटात घातला गेला आणि तोच गट दोन दिवसांत चार वेळा भेटणार होता: पहिल्या दिवशी सकाळी वीस मिनिटे, दुपारी चाळीस, दुसऱ्या दिवशी सकाळी चाळीस आणि समारोपापूर्वी वीस. संभाषणाला चार जण योग्य असताना गट सहाचा ठेवण्यामागे व्यवहार होता. प्रत्येक गटातून एखाददुसरा माणूस येत नाही किंवा मध्येच निघून जातो. सहातून दोन गेले तरी चार उरतात, चारातून दोन गेले तर गट राहत नाही.

गट कसे पाडायचे यावर सर्वाधिक खल झाला. नोंदणी-अर्जात आधी ‘आपल्या आवडीचे विषय’ असा रकाना होता आणि त्यात निम्म्याहून अधिक लोक ‘डिजिटल ग्रंथालय’ लिहीत, ज्यावरून कोणालाही काही कळत नसे. तो काढून त्या जागी असा प्रश्न घातला: ‘गेल्या सहा महिन्यांत कामात अडलेली आणि अजून न सुटलेली एक गोष्ट दोन वाक्यांत लिहा.’ उत्तरांचा पोत एकदम बदलला. कोणी लिहिले की छापील तालिकेतील नोंदी कोहा या मुक्त संगणकप्रणालीत उतरवताना जोडाक्षरे फुटतात आणि मग शोध घेतला की पुस्तक सापडत नाही. कोणी लिहिले की देवघेव विभागात पुस्तक परत न करणारे सभासद संस्थेच्या पदाधिकाऱ्यांच्या घरचेच आहेत. एकाने फक्त ‘वाळवी’ एवढाच शब्द लिहिला होता. या उत्तरांवरून, शक्य तिथे, एकाच अडचणीचे दोघे आणि ती अडचण पूर्वी निस्तरलेले एक-दोघे एका गटात येतील आणि उरलेल्या जागांवर वेगळ्या अडचणीचे लोक व निदान एक नवखा सभासद असेल, अशी मांडणी हाताने केली. ॲपने हे काम झाले असते का, असे नंतर विचारले गेले; माझ्या मते ‘वाळवी’ लिहिणाऱ्याला पावसाळ्यात भिजलेल्या पुस्तकांची चिंता असणाऱ्याशेजारी बसवायला अजून तरी माणूसच लागतो.

प्रत्येक गटाला एक निमंत्रक होता. त्याला आधी तासाभराचे प्रशिक्षण दिले आणि तीनच कामे सांगितली: येणाऱ्याला नावाने हाक मारायची, दोघांनी बोलणे बळकावले तर तिसऱ्याला विचारायचे, आणि घंटा झाली की उठायचे. शेवटचे काम पाळायला सर्वांत अवघड गेले, कारण चर्चा रंगात आली असताना उठणे निर्दयपणाचे वाटते. पण ठरल्या वेळी हमखास संपणारी बैठक हाच अडकून पडण्याच्या धास्तीवरचा उतारा होता, आणि अर्धवट राहिलेले बोलणे पुढच्या भेटीला आपसूक सुरुवात पुरवते.

बैठकींत काय बोलायचे, हे ठरवताना आर्थर ॲरन आणि सहकाऱ्यांच्या 1997 मधील प्रयोगाचा आधार घेतला, ज्यात अनोळखी जोड्यांनी पंचेचाळीस मिनिटांत 36 प्रश्न एकमेकांना विचारले आणि प्रश्न वरवरच्या गोष्टींपासून पायरीपायरीने खासगी गोष्टींकडे जात होते. ते प्रश्न जसेच्या तसे उचलणे व्यावसायिक अधिवेशनात अस्थानी झाले असते. पायऱ्यांची कल्पना मात्र घेतली. पहिल्या बैठकीत पद आणि संस्था न सांगता फक्त ‘आज सकाळी निघताना कोणते काम अर्धे टाकून आलात’ हे सांगायचे. दुसरीत नोंदणीच्या वेळी लिहिलेली अडचण. तिसरीत, ती अडचण सोडवताना काय करून पाहिले आणि ते का जमले नाही. चौथीत, परत गेल्यावर कोणाला केव्हा फोन करणार, हे तारखेसह.

बिल्ल्यावर नाव ठळक आणि त्याखाली अडचणीचे चार-पाच शब्द छापले, पदनाम वगळले. सभागृहाबाहेरच्या दालनातील मोठी टेबले काढून चार-पाच जणांची लहान टेबले भिंतींजवळ पडदे लावलेल्या बाजूला हलवली, म्हणजे आवाज थोडा शोषला जावा. निम्मे गट वर्गखोल्यांत पाठवले. सूचनाफलकाजवळ प्रत्येक सुट्टीत दोन स्वयंसेवक उभे राहिले.

विरोध

चार बैठकींचे दोन तास कुठून आणायचे, यावर कार्यकारिणीत कडाक्याचे वाद झाले. दोन व्याख्याने कमी करावी लागली आणि प्रास्ताविके व आभारप्रदर्शन आखडते घ्यावे लागले. लोक तज्ज्ञांना ऐकायला येतात, एकमेकांचे रडगाणे ऐकायला नव्हे, असे एका ज्येष्ठ सदस्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांच्या उत्तरादाखल हॅरिसन ओवेन यांचे उदाहरण पुढे आले. ओवेन यांनी 1983 मध्ये वर्षभर खपून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली आणि शेवटी सर्वांचे एकमत झाले की परिषदेतील सर्वांत चांगला भाग कॉफीच्या सुट्ट्यांचा होता. त्यातून 1985 मध्ये त्यांनी विषयपत्रिका उपस्थितांनीच तिथल्या तिथे ठरवण्याची ‘ओपन स्पेस’ ही पद्धत काढली. ज्येष्ठ सदस्यांना हे पटले नाही. त्यांनी व्याख्यानांच्या बाजूने मत दिले आणि ते कार्यवृत्तात नोंदवून घेतले.

पदनाम काढण्याला विरोध होता, तो मात्र मानपानाचा होता आणि लवकर मावळला.

याहून गंभीर आक्षेप सक्तीचा होता. सर्वांनाच गटात बसून आपली अडचण उघड करायची नसते. कोणाला दोन दिवस निवांत ऐकायचे असते, कोणाला कमी ऐकू येते, कोणाच्या वरिष्ठाचा सभासद-मित्र त्याच गटात येऊ शकतो. हा आक्षेप मान्य झाला. नोंदणी-अर्जातच ‘मला गट नको’ असा पर्याय ठेवला, त्याचे कारण विचारले नाही आणि बैठकींच्या वेळी ग्रंथप्रदर्शन उघडे ठेवले, म्हणजे गटाबाहेरचा माणूस उघडा पडू नये. बिल्ल्यावरची अडचण कोरी ठेवण्याची मुभाही दिली. हा पर्याय घेणारे थोडेच निघाले, पण तो नसता तर उरलेल्यांचा सहभाग मनापासूनचा आहे असे म्हणता आले नसते.

एका गटातील चार भेटी

सर्व गट सारखे चालले नाहीत. ज्या एका गटाच्या निमंत्रकाने सविस्तर टिपण दिले आणि गटातील सर्वांची त्याला संमती होती, त्याचे येथे देतो.

पहिल्या भेटीत सहापैकी पाच जण आले. अर्धे टाकून आलेल्या कामाविषयी बोलायचे असूनही पहिल्या दोघांनी सवयीने पद, संस्था आणि सेवेची वर्षे सांगितली. तिसऱ्या सभासद, एका महाविद्यालयातील ग्रंथपाल, म्हणाल्या की निघताना त्या दाखल नोंदवही कपाटात कुलूपबंद करून आल्या, कारण त्यांच्या माघारी ती कोणी उघडू नये. कोणी काही विचारले नाही. वीस मिनिटे संपली.

दुपारी त्यांनी आपली अडचण सांगितली, ती नोंदणी-अर्जात लिहिल्याप्रमाणे सॉफ्टवेअरची होती. त्यावर दोघांनी तांत्रिक सल्ला दिला आणि चर्चा चांगली झाली, पण निमंत्रकाच्या टिपणात ‘मॅडमचे लक्ष नव्हते’ असे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खोलीत शिरताच गटातील सर्वांत तरुण सभासद, ज्याचे हे पहिलेच अधिवेशन होते, त्याने विचारले, “मॅडम, तुम्ही काल नोंदवही कुलपात ठेवली म्हणालात, ती का हो?” त्यावर कळले ते असे. पूर्वीच्या ग्रंथपालांच्या काळातील काही शे पुस्तके नोंदवहीत आहेत आणि कपाटात नाहीत. पदभार घेताना त्यांनी प्रत्यक्ष मोजणी न करता सही केली होती. आता मोजणीचा आदेश निघाला आहे आणि तूट त्यांच्या नावावर पडणार, या भीतीने त्या काही महिने नीट झोपलेल्या नाहीत.

गटातील दोघे अशाच प्रसंगातून गेलेले निघाले, आणि हे जुळणे मात्र योगायोगाचे होते. त्यातल्या एकांनी सांगितले की मोजणीची वाट न पाहता आधीच स्वतःहून लेखी कळवावे, कोणत्या वर्षापासूनच्या नोंदींत तूट दिसते याचा तक्ता जोडावा आणि पोच घ्यावी. “तुम्ही पत्राचा कच्चा मसुदा करा, मी रात्री फोनवर वाचतो,” असेही ते म्हणाले. त्या रात्री समारोपानंतरच्या प्रवासात तो मसुदा वाचला गेला. सॉफ्टवेअरचा विषय पुन्हा निघाला नाही.

पहिल्याच भेटीत हे बाहेर आले असते का? मला तसे वाटत नाही. पहिल्या भेटीत त्या वाक्याला कोणी हात लावला नाही, ते बरेच झाले. दुसऱ्या दिवसापर्यंत ते वाक्य एकाच्या लक्षात राहिले, हे त्यांना कळणे अधिक महत्त्वाचे होते.

जे जमले नाही

काही निमंत्रक पहिल्याच दिवशी आले नाहीत आणि त्यांचे बरेचसे गट दुसऱ्या भेटीपर्यंत विखुरले. राखीव निमंत्रकांची सोय आराखड्यात नव्हती. ती पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवली आहे. दुसरे असे की ज्या गटांत सहाही जणांची अडचण एकच होती, तिथे सहानुभूती भरपूर मिळाली, पण उपाय कोणाकडेच नव्हता, आणि चर्चा तक्रारींच्या उजळणीवर थांबली. अडचण निस्तरलेला माणूस प्रत्येक गटाला पुरवण्याइतके तसे लोकच नोंदणीत सापडले नव्हते. चौथी भेट सर्वांत फिकी ठरली, कारण परतीच्या गाड्या पकडण्यासाठी लोक समारोपाआधीच बॅगा घेऊन निघू लागतात. तारीख ठरवून फोन करण्याची गोष्ट तिसऱ्या भेटीच्या शेवटीच व्हायला हवी. वर्गखोल्यांतले गट दालनातल्या गटांपेक्षा सरसकट बरे चालले, एवढ्यावरून लहान टेबलांनी आणि पडद्यांनी गोंगाटाचा प्रश्न सुटला नव्हता हे उघड आहे.

परिणाम कसा पाहायचा, यावर समितीने योग्य निर्णय घेतला. समारोपाच्या वेळी ‘नव्या ओळखी झाल्या का’ असे विचारले तर उत्साहाच्या भरात सारेच हो म्हणतात, आणि त्याच वेळी ‘समोरच्याला तुम्ही आवडलात का’ असे विचारले तर बहुतेक जण स्वतःला कमी लेखतात. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवले आहे की पहिल्या संभाषणानंतर आपण समोरच्याला जितके आवडलो असू त्याहून कमीच आवडलो असे माणसाला वाटते. पुष्कळ ओळखी याच गैरसमजात, ‘त्यांना कशाला त्रास द्या’ म्हणत विरून जातात. म्हणून तीन महिन्यांनी प्रत्येकाला दोनच प्रश्न पाठवले: गटातील कोणाशी, कोणत्या कामासाठी, तुमचे बोलणे झाले? आणि ते कोणी सुरू केले? उत्तर न देणारे बरेच होते, आणि ज्यांचे बोलणे झाले तेच उत्तर देण्याची शक्यता अधिक, त्यामुळे या उत्तरांवरून टक्केवारी काढणे योग्य ठरले नसते. आलेल्या उत्तरांत एक गोष्ट मात्र ठळक होती: जिथे तारीख ठरवून फोन करायचे ठरले होते तिथे तो झाला होता, आणि ‘संपर्कात राहू’ एवढ्यावर जिथे निरोप घेतला गेला तिथे बहुधा दोघेही दुसऱ्याच्या फोनची वाट पाहत होते.

पुढील अधिवेशनाच्या तयारीत एक मुद्दा अजून सुटलेला नाही. जुने गट तसेच ठेवावेत की सर्वांना नव्याने मिसळावे? जुन्या गटांनी एकत्र राहण्याची मागणी केली आहे आणि ती स्वाभाविक आहे. परंतु ती सरसकट मान्य केली तर दोन-तीन वर्षांत बंद वर्तुळांचे तेच घोळके तयार होतील, फक्त या वेळी त्यांना संघटनेचा शिक्का असेल, आणि पहिल्यांदा येणारा सभासद पुन्हा सूचनाफलकाजवळ उभा राहील. समितीपुढे मी असे सुचवले आहे की जुन्या गटाची एकच बैठक पहिल्या दिवशी ठेवावी, उरलेल्या तीन बैठकी नव्या गटांच्या असाव्यात आणि गेल्या वर्षीच्या गटांतील प्रत्येकी एकाला या वर्षी निमंत्रक करावे. ज्येष्ठ सदस्यांचा याला विरोध आहे. तो या वेळी व्याख्यानांसाठी नाही, त्यांना त्यांचा गेल्या वर्षीचा गट सोडायचा नाही. निर्णय पुढच्या बैठकीत होईल.